कर्ज काढून ऑर्थो, की बिनकर्जाची ओरल पॅथॉलॉजी?

प्रश्न

नमस्कार. माझे वय २५ आहे. बीडीएस या दंतवैद्यकाच्या पदवीची ४ वर्षे आणि इंटर्नशिपचे १ वर्ष पूर्ण करून गेले वर्षभर मी लातूरमधील एका खासगी दवाखान्यात काम करीत आहे. या वर्षी नीट-एमडीएस या पदव्युत्तर (एमडीएस) प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर मला दोन जागा मिळण्याची शक्यता दिसते: शासकीय महाविद्यालयात ओरल पॅथॉलॉजी (तोंडाच्या रोगांचे निदान) किंवा खासगी महाविद्यालयात ऑर्थो (वेडेवाकडे दात सरळ करण्याची शाखा), जिथे वर्षाला १० लाख रुपये शुल्क आहे. बीडीएसच्या कर्जापैकी ४ लाख रुपये अजून फेडायचे असून त्याचा ५ वर्षे चालणारा साडेआठ हजारांचा हप्ता मीच भरते. नवे कर्ज काढल्यास वडिलांना राहते घर तारण ठेवावे लागेल. ते निवृत्त शिक्षक आहेत आणि आनंदाने तयार आहेत, पण त्याचेच मला ओझे वाटते. ऑर्थोमध्ये उत्पन्न चांगले असते असे सर्वजण सांगतात. मला स्वतःला मात्र रूट कॅनालच्या कामात सर्वाधिक समाधान मिळते. कृपया अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (एन्डो म्हणजे रूट कॅनालची शाखा, १२ वर्षे व्यवसाय)

डॉक्टर, शाखेचा विचार करण्यापूर्वी हप्ता कागदावर मांडा. दर वर्षाच्या आरंभी १० लाख याप्रमाणे ३० लाखांची उचल झाली, व्याजदर १० टक्के सरळव्याजाने धरला आणि अभ्यासक्रमानंतरच्या एका वर्षापर्यंत हप्ते न भरण्याची मुभा मिळाली, तर फेड सुरू होईपर्यंत ९ लाख रुपये व्याज साचून कर्ज ३९ लाखांवर जाते. ते १० वर्षांत फेडायचे ठरवल्यास महिना सुमारे साडेएक्कावन्न हजार रुपये भरावे लागतात, १५ वर्षांत फेडल्यास सुमारे ४२ हजार. पण दुसऱ्या पर्यायात एकूण परतफेड ७५ लाखांच्या पुढे जाते. वसतिगृह, खाणावळ, उपकरणे आणि प्रबंधाचा खर्च यात धरलेला नाही. शिवाय एमडीएसच्या ३ वर्षांत जुना साडेआठ हजारांचा हप्ता कोण भरणार, हेही आजच ठरवायला हवे, कारण खासगी महाविद्यालयांतील विद्यावेतनावर विसंबून राहता येत नाही.

हा हप्ता तुमच्या दहाव्या वर्षाच्या उत्पन्नाशी नव्हे, तर पहिल्या दोन वर्षांच्या उत्पन्नाशी ताडून पाहा. मी एमडीएस झाल्यावर सात दवाखान्यांत कन्सल्टंट म्हणून फिरत होतो आणि पहिल्या वर्षी महिन्याची सरासरी ३५ हजारांच्या आसपास होती, तीही प्रवासखर्च वजा न करता. बँकेला मात्र पूर्ण हप्ता ठरलेल्या तारखेलाच हवा असतो.

तुमच्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य मला रूट कॅनालविषयीचे वाटले. ते काम आवडते, तर दोन्ही पर्यायांत एन्डो नाही याची दखल घ्या. एक वर्ष नोकरी करीत पुन्हा परीक्षा देणे हा तिसरा पर्याय आहे. वर्ष वाया जाईल ही भीती मला रास्त वाटत नाही, कारण त्या वर्षात जुने कर्ज कमी होईल आणि हातही अधिक तयार होईल.

उत्तर २ (ओरल पॅथॉलॉजी, अध्यापन)

ओरल पॅथॉलॉजी म्हणजे केवळ 'उरलेली जागा' असे कोणी सांगत असेल, तर ते मनावर घेऊ नका. आपल्याकडे तंबाखू, गुटखा आणि सुपारीमुळे तोंड न उघडणारे, पांढरे चट्टे पडलेले रुग्ण रोज येतात आणि बायोप्सीचा अहवाल अचूक असण्यावर त्यांचे पुढचे सारे उपचार अवलंबून असतात. मला या कामाचा मनापासून अभिमान आहे. तरीही खरे सांगायचे तर उत्पन्न प्रामुख्याने अध्यापनातून येते, पदे मोजकी असतात आणि खासगी महाविद्यालयांत वेतन वेळेवर मिळेलच याची खात्री नसते. बीडीएसची नोंदणी कायम असल्याने सामान्य दंतोपचार करता येतात. मीही संध्याकाळी दवाखाना चालवते. सूक्ष्मदर्शकासमोर तासन्‌तास बसण्याची ओढ असेल तरच ही शाखा घ्या. केवळ शुल्क कमी म्हणून घेतली, तर ती ३ वर्षे फार लांब वाटतील. शासकीय जागेच्या बंधपत्राच्या अटीही प्रवेशापूर्वी पूर्ण वाचून घ्या.

उत्तर ३ (ऑर्थो, सांगली)

ऑर्थोमध्ये पैसा आहे हे खरे, पण तो कसा येतो हेही पाहावे. एक उपचार साधारण दीड ते दोन वर्षे चालतो आणि रुग्ण शुल्क हप्त्यांनी देतो, त्यामुळे नव्या माणसाच्या हातात रक्कम हळूहळू येते. उलट एन्डोच्या कन्सल्टंटला केस संपताच मोबदला मिळू शकतो. ऑर्थोचे रुग्ण अर्ध्यावर सोडून गावही बदलता येत नाही. लग्नानंतर किंवा अन्य कारणाने स्थलांतराची शक्यता असेल, तर हे लक्षात ठेवा.

आणखी एक व्यावहारिक बाब म्हणजे राज्यातील खासगी महाविद्यालयांचे मंजूर शुल्क शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर महाविद्यालयनिहाय पाहता येते. तेथील आकडा आणि तुम्हाला सांगितलेला आकडा जुळतो का, हे अवश्य तपासा. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर प्राप्तिकरात मिळणारी वजावट केवळ जुन्या करप्रणालीत आहे, हेही हिशेबात धरा.

प्रश्नकर्ती

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. काल रात्री वडिलांसोबत बसून हा हिशेब पुन्हा मांडला. साडेएक्कावन्न हजारांत जुना हप्ता मिळवला की पहिल्या वर्षी महिन्याला ६० हजार होतात, हे पाहून तेही बराच वेळ गप्प राहिले. ऑर्थोची जागा मी घेणार नाही. ओरल पॅथॉलॉजीचा विभाग प्रत्यक्ष पाहण्यासाठी एक दिवस जाऊन येते आणि तिथे मन रमले नाही, तर याच दवाखान्यात राहून एन्डोसाठी पुन्हा परीक्षा देते. उत्तर १ मधील सरांना एक विनंती: नोकरी करताना अभ्यासाचे तास कसे बसवावेत, हे सवडीने लिहाल का?