मदत हवी आहे: सराव सामन्याचा अभ्यास कसा करावा?

नमस्कार मंडळी. शाळेतील मुलांना बास्केटबॉल शिकवताना, पॅरिस ऑलिंपिकपूर्वी २० जुलै २०२४ रोजी लंडनमध्ये अमेरिका आणि दक्षिण सुदान यांच्यात झालेला सराव सामना दाखवावा, असे माझ्या मनात आहे. २०११ साली स्वतंत्र झालेल्या दक्षिण सुदानचा संघ मध्यंतरापूर्वी एका टप्प्यावर तब्बल १६ गुणांनी पुढे होता. शेवटी अवघे आठ सेकंद उरले असताना लेब्रॉन जेम्सने बास्केटपर्यंत धडक मारून चेंडू आत टाकला, म्हणून अमेरिका १०१-१०० अशी कशीबशी वाचली. दक्षिण सुदानच्या कार्लिक जोन्सने गुण, रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर चेंडू ताब्यात घेणे) आणि असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारा पास) या तिन्हींत दोन आकडी मजल गाठली होती, आणि मला तर विजेत्यांपेक्षा त्याचाच खेळ अधिक शिकण्यासारखा वाटतो.

मात्र अकराच दिवसांनी लिल येथे, प्रत्यक्ष ऑलिंपिकमध्ये, अमेरिकेने याच संघाला १०३-८६ असे सहज हरवले. त्या दिवशी अमेरिकेचे प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी आपला उंच सेंटर (बास्केटजवळ खेळणारा खेळाडू) जोएल एम्बीडला मैदानात उतरवलेच नाही. फरक केवळ या बदलामुळे पडला, की बाहेरून होणारी तीन गुणांची फेक रोखण्यासाठी बचावाची मांडणीच बदलली होती? दोन्ही सामने बारकाईने पाहिलेल्या जाणकारांनी कृपया सांगावे. तसेच चौदा वर्षांच्या मुलांना दाखवण्यासाठी लंडनच्या सामन्यातला नेमका कोणता क्वार्टर (सामन्याच्या चार भागांपैकी एक) निवडावा, हेही सुचवावे. तास चाळीस मिनिटांचाच असतो.