मदत हवी आहे: विकास शुल्काचा हिशेब कसा मागावा?

आमच्या उपनगरातील अरुंद रस्त्यालगत महानगरपालिकेने मोठ्या गृहप्रकल्पाला बांधकाम परवानगी दिली असून, सायंकाळी आधीच तुंबणाऱ्या चौकावर त्याचा किती भार पडेल, याचा अभ्यास झाला होता किंवा नाही, हे नगररचना विभाग सांगत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये १९९२ साली समाविष्ट झालेल्या कलम १२४अ नुसार विकासकाकडून विकास शुल्क घेतले जाते. वाढीव चटईक्षेत्राचे (म्हणजे नेहमीच्या मर्यादेपेक्षा जादा बांधकामाच्या परवानगीचे) अधिमूल्य वेगळेच. ही रक्कम याच परिसरातील रस्त्यांवर खर्च व्हावी, असा आग्रह कोणत्या तरतुदीच्या आधारे धरता येईल? शिवाय, राज्याच्या नियमांनुसार माहिती अधिकाराच्या अर्जाला एकच विषय आणि १५० शब्दांची (काहीशी जाचकच) मर्यादा असल्याने, परवानगीची संचिका, शुल्काची चलने आणि वाहतूक अहवाल यांसाठी स्वतंत्र अर्ज करावेत काय? अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.