मदत हवी आहे: जुन्या सॉफ्टवेअरमधली एफवनची हेल्प (ती की दाबली की उघडणारी मदत) वेबवर कशी आणायची?

नमस्कार मंडळी,

पतसंस्थांसाठीचं एक जुनं सॉफ्टवेअर आमची छोटी टीम सांभाळते. मूळ व्हीबी सिक्समधलं (जुनं व्हिज्युअल बेसिक), रोजकीर्द, खतावणी, कर्ज, पिग्मी सगळं त्यात, आणि आता ते टप्प्याटप्प्याने वेबवर नेतोय. स्क्रीन झाल्या, रिपोर्ट होतायत, गाडी अडलीये ती हेल्पवर. "पीडीएफ मॅन्युअल द्या आणि मोकळे व्हा" असं ऑफिसातच सांगून झालंय, पण काउंटरवर सभासद उभा असताना कोण दीडशे पानांची पीडीएफ उघडून बसणार?

जुन्यात सोय झकास होती. स्क्रीनवरच्या प्रत्येक कंट्रोलला (रकाना, बटण वगैरे) हेल्पकॉन्टेक्स्टआयडी, म्हणजे नुसता एक नंबर, समजा कर्ज मागणीतल्या जामीनदार रकान्याला २१४०, आणि सीएचएम (विंडोजची जुनी हेल्प फाइल) बनवताना प्रोजेक्ट फाइलच्या मॅप आणि अलियास सेक्शनमध्ये २१४० म्हणजे कुठलं पान ते लिहून ठेवायचं. कर्सर त्या रकान्यात असताना एफवन दाबलं की थेट तेच पान. आणि रकान्याला नंबर दिलाच नसेल तर व्हीबी आपणहून वरच्या फ्रेमचा नंबर बघायचं, तिथेही नसेल तर फॉर्मचा, त्यामुळे काही ना काही उघडायचंच.

सीएचएमचा ताप मात्र भरपूर झाला. २००५ च्या सिक्युरिटी अपडेटनंतर सर्व्हरच्या शेअर्ड फोल्डरमधून फाइल उघडली की डावीकडे अनुक्रमणिका दिसते आणि उजवीकडे पान येतच नाही, मग प्रत्येक पीसीवर फाइल कॉपी करा. दुसरं म्हणजे देवनागरी. पानाचा मजकूर युटीएफ-८ (युनिकोड) मध्ये नीट दिसतो पण अनुक्रमणिका आणि इंडेक्स विंडोजच्या जुन्या कोडपेजवर (लिपीगणिक ठरलेल्या अक्षरांच्या तक्त्यावर) चालतात आणि देवनागरीला तसं कोडपेज नाहीच, त्यामुळे तिथे नुसती प्रश्नचिन्हं. शेवटी अनुक्रमणिका रोमन लिपीत टाकलेली आहे, क्लार्क लोकांना ती आता पाठ झालीये ते सोडा.

आता प्रश्न. ब्राउझरमध्ये एफवन दाबलं की क्रोम स्वतःचीच हेल्प उघडतं, ते अडवता येतं का आणि अडवावं का? हेल्प स्क्रीनला जोडायची की रकान्यारकान्याला? टायटल अ‍ॅट्रिब्यूट (माउस वर नेला की दिसणारी सूचना) देऊन भागेल असं एक जण म्हणतो पण पिग्मी एजंट मोबाईलवर वापरणार, तिथे माउस कुठून आणायचा? आणि मजकूर कोडमध्ये ठेवायचा की वेगळा? कुणी असं प्रत्यक्ष केलं असेल तर सांगा, तयार महागडं टूल विकत घ्यायची ऐपत नाही.

प्रतिसाद १
एफवन अडवता येतं. कीडाउन (की दाबल्याचा इव्हेंट) पकडा, प्रिव्हेंट डिफॉल्ट करा, म्हणजे ब्राउझरचं नेहमीचं काम थांबवा, क्रोम गप्प बसतं. फक्त कर्सर अ‍ॅड्रेस बारमध्ये असेल तर ती की तुमच्या पानापर्यंत पोचतच नाही. पण भिस्त त्यावर ठेवू नका, हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपवर एफएन न धरता एफवन दाबलं तर आवाज बंद होतो. जुन्या लोकांच्या बोटांना सवय आहे म्हणून एफवन ठेवा, आणि सोबत दिसणारं प्रश्नचिन्हाचं बटण द्या, प्रत्येक स्क्रीनवर एकाच जागी. डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये (वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीचे निकष), २०२३ मध्ये आलं ते, यासाठी वेगळा नियमच आहे, हेल्प पानागणिक जागा बदलत फिरता कामा नये.

प्रतिसाद २
स्क्रीन की रकाना या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे की भाऊ! व्हीबी जे करायचं तेच करा. एचटीएमएलमध्ये डेटा-हेल्प नावाचं अ‍ॅट्रिब्यूट ठेवा, अवघड रकान्यांना द्या, सेक्शनला द्या, फॉर्मला एक द्याच. एफवन दाबलं की फोकस असलेल्या (कर्सर जिथे आहे त्या) एलिमेंटवर क्लोजेस्ट हे जावास्क्रिप्टचं फंक्शन चालवायचं, ते स्वतःपासून सुरू करून वर चढत जातं आणि डेटा-हेल्प असलेला पहिला जो सापडेल तो देतं. एका ओळीचं काम. पहिल्या दिवशी फक्त फॉर्मची पानं लिहा, मग फोन जिथून जास्त येतात ते रकाने भरत जा. बटणावर क्लिक केलं तर मात्र फोकस बटणावर जातो, म्हणून आधी फोकस कुठे होता ते लक्षात ठेवायला लागेल, इथे बरेच जण गंडतात.

आणि २१४० वगैरे नंबर सोडून द्या आता, "कर्ज-मागणी.जामीनदार" अशी वाचता येणारी की (ओळखखूण) ठेवा. पानाचा पत्ता कोडमध्ये लिहायचा नाही, फक्त की, पत्ता वेगळ्या टेबलात. रिलीजच्या आधी एक छोटी स्क्रिप्ट चालवा, स्क्रीनवरच्या सगळ्या की गोळा करून ज्यांना मजकूर नाही त्यांची यादी देईल अशी. दाखवायला पॉपओव्हर अ‍ॅट्रिब्यूट (पानावर तरंगणारी छोटी चौकट) वापरा, २०२४ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये आहे.

धागाकर्ता
क्लोजेस्टचं जमलं, मस्त चाललं! पॉपओव्हरचं अवघड आहे, शाखांमध्ये अजून विंडोज सेव्हन आहेत आणि तिथे क्रोम १०९ वर अडकलेलं आहे, पॉपओव्हर ११४ पासूनचं. फायरफॉक्सही तिथे ११५ च्या पुढे जात नाही आणि त्यात ते १२५ ला आलं. त्यामुळे उजवीकडे साधं पॅनल करतोय, फॉर्म झाकला जात नाही हा फायदाच, हेल्प वाचत वाचत भरता येतं.

प्रतिसाद ३
पॅनलच बरं. टायटलच्या नादी लागू नका, टचवर दिसत नाही, कीबोर्डने फिरणाऱ्याला दिसत नाही. रकान्याखाली एका ओळीची सूचना द्यायची असेल तर ती खरोखर लिहून आरिया-डिस्क्राइब्डबाय या अ‍ॅट्रिब्यूटने रकान्याला जोडा, एनव्हीडीए (स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणारा कर्मचारी असेल तर त्याला रकान्यात गेल्यावर ऐकू येईल. तिथे निबंध नको, सगळं एका दमात वाचून दाखवतं ते.

पण मला खरी भीती मजकुराची वाटते. तुमच्या जुन्या हेल्पमध्ये "जामीनदार: येथे जामीनदाराची माहिती भरावी" असलं काही असेल तर ते जगातल्या भारी पॅनलमध्ये टाकूनही फोन तेवढेच येणार. माणूस हेल्प दाबतो तेव्हा त्याला रकाना कशाचा ते माहीत असतं, अडलेलं वेगळंच असतं. "सभासद क्रमांक टाका, नाव आपोआप येईल. नाव लाल आलं तर हा सभासद आधीच ठरलेल्या संख्येइतक्या कर्जांना जामीन आहे, दुसरा जामीनदार घ्या किंवा शाखाधिकाऱ्यांची मंजुरी लागेल." असं लिहा. म्हणजे हेल्पची की नुसती रकान्याला नको, एरर मेसेजलाही हवी.

आणि डे एंड (दिवसाचे व्यवहार बंद) झाल्यावर व्हाउचरचं सेव्ह बटण करडं होतं ना? नेमकं तिथेच माणूस विचारतो "का होत नाही?" आणि डिसेबल्ड बटणावर फोकसच जात नाही, तुमचं एफवन तिथे मुकं. अशा ठिकाणी डिसेबल्ड न करता आरिया-डिसेबल्ड (बंद आहे असं नुसतं सांगणारं अ‍ॅट्रिब्यूट) लावा आणि दाबल्यावर कारण सांगा, सेव्ह होणार नाही हे मात्र तुमच्या कोडने बघायचं.

प्रतिसाद ४
प्रत्येक स्क्रीनला यूट्यूब व्हिडिओ टाका, हल्ली वाचतंय कोण.

धागाकर्ता
काउंटरवर स्पीकर लावून? :) शिवाय काही शाखांत व्हाउचर सेव्ह व्हायलाच देवाचा धावा करावा लागतो, व्हिडिओ कुठला चालतोय.

करड्या बटणाचं डोक्यातच आलं नव्हतं, आभार. सपोर्टच्या रजिस्टरमध्ये खरंच "सेव्ह होत नाही" याच नोंदी सगळ्यात जास्त आहेत, आता त्यांनाच आधी की लावतो. एकच अडचण उरली, प्रत्येक संस्थेचे नियम वेगळे. जामीनदार किती, कुणाची मंजुरी, हे एका मजकुरात कसं बसवायचं? संस्थेला एडिट करू दिलं तर आमच्या पुढच्या अपडेटने त्यांचं लिहिलेलं उडणार.

प्रतिसाद २
दोन थर ठेवा. की तीच, वर तुमचा मजकूर, त्याखाली "आपल्या संस्थेत" म्हणून वेगळी नोंद, ती संस्था कोड लावून वेगळ्या टेबलात. अपडेट फक्त वरच्याला हात लावेल. आकडे मात्र मजकुरात लिहूच नका, जामीनदार किती ते सेटिंगमध्ये आहेच, तिथूनच उचलून दाखवा, नाहीतर सेटिंग बदलेल आणि हेल्प जुनंच सांगत बसेल. नोंद एडिट करायचा हक्क शाखेला नको, मुख्य कार्यालयाला द्या, आणि कुणी कधी बदललं तेही ठेवा, ऑडिटर विचारतो.