चावडी: मदत मागायची जागा का हजेरी द्यायची?

बाळीवेस
नमस्कार मंडळी. अडचण शब्दाची आहे म्हणून इथं टाकतोय. मराठी विकिपीडियावर आपल्या गड्ड्याच्या यात्रेबद्दल, म्हणजे सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांच्या जत्रेबद्दल, थोडं लिहिलं होतं, सात नंदीध्वज, अडुसष्ट लिंगांना यण्णीमज्जन, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता, सगळं लहानपणापासून डोळ्यांनी बघितलेलं. सकाळी बघतो तर मजकूर गायब. इतिहासात 'उलटविले' अशी खूणपताका लागलेली आणि माझ्या चर्चापानावर निरोप की संदर्भ द्या, काही शंका असल्यास चावडीवर विचारा. हे मी घरी मोठ्यानं वाचलं तर वडील एकदम म्हणाले, "चावडीवर? काय केलंस तू?" आता सोलापुरात चावडी म्हटलं की फौजदार चावडी पोलीस ठाणंच डोळ्यापुढं येणार. मी समजावलं की ही मदत मागायची जागा आहे, तर म्हणायलेत, चावडीवर माणूस आपणहून जात नसतो, त्याला बोलावणं येतं. म्हणून विचारतो, चावडी हा शब्द इथं बरोबर आहे का? आणि दुसरं म्हणजे मी आता तिथं जाऊन नेमकं काय लिहू?

अनुस्वार
शब्द अगदी बरोबर आहे. चावडी म्हणजे गावाचा कारभार जिथं चारचौघांत चालतो ती जागा, मोल्सवर्थच्या कोशातही (दुसरी आवृत्ती १८५७) याच अंगाने अर्थ मिळेल. इंग्रजी विकिपीडियावर याच पानाला 'व्हिलेज पंप' म्हणतात, त्याचं कुणी 'गावपंप' केलं असतं तर आज आपण कपाळाला हात लावून बसलो असतो. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला तेव्हा यातला एकही शब्द तयार नव्हता, नंतरच्या मंडळींनी बसून घडवले. बॉटला सांगकाम्या, सँडबॉक्सला धूळपाटी, टेम्प्लेटला साचा, अ‍ॅडमिनला प्रचालक. यातली धूळपाटी तर मला फार आवडते. पूर्वी पाटीवर धूळ पसरून मुलं काडीनं अक्षर गिरवायची आणि पुसायची, त्यावरनं धुळाक्षरं. लिहा, चुका, पुसा, हाच सँडबॉक्सचा उपयोग आहे. वाळूशी मराठी पोराचा तेवढा संबंध नाही.

जुनी गिरण
धूळपाटी मान्य, सांगकाम्या तर एक नंबर. पण त्याच लोकांनी व्हिज्युअल एडिटरचा 'यथादृश्यसंपादक' पण केलाय, तो कोण बोलतं का? मी कॉलेजच्या पोरांना विकिपीडिया शिकवतो, तो शब्द आला की पोरं माझ्याकडं बघतच बसतात. ती सरळ 'एडिट मार बे' म्हणतात आणि काम होतं.

अनुस्वार
'एडिट मार' बोलायला ठीक, ज्ञानकोशात काय लिहिणार? आज अवघड वाटणारा शब्द उद्या रुळतो. दिनांक, महापौर हे सावरकरांनी दिलेले शब्द, आज कुणाला जड वाटतात? सोलापूरच्या महापौराला मेयर म्हणणारा माणूस दाखवा.

जुनी गिरण
महापौर चालला कारण तो तोंडात बसतो. यथादृश्यसंपादक म्हणायला मध्ये दम घ्यावा लागतो. शब्द संस्कृतातनं आला का इंग्रजीतनं ते मी बघत नाही, पोरगं तो न अडखळता म्हणतंय का तेवढं बघतो.

पूर्व भाग
आमच्या घरी तेलुगू, बाहेर मराठी, आणि शेजारी निम्मे कन्नड. म्हणून एक सांगतो. तेलुगू विकिपीडियावर या पानाचं नाव 'रच्चबंडा' आहे. गावात झाडाखाली मोठा दगड असतो, त्यावर बसून पंच निवाडा करतात, ती जागा. कन्नडवर 'अरळी कट्टे', म्हणजे पिंपळाचा कट्टा. तमिळवाल्यांनी 'आलमरत्तडी' ठेवलंय, वडाखाली. हिंदीत चौपाल, गुजरातीत चोतरो. बघा म्हणजे, सगळ्यांनी झाड नाहीतर ओटा घेतला, सरकारी इमारत घेतली ती फक्त आपण मराठीवाल्यांनी. बाळीवेसच्या वडिलांचं काही चुकलेलं नाही.

अनुस्वार
चावडी मुळात सरकारी नव्हेच, कन्नड-तेलुगूतही चावडी आहे ना? तुळू लोकांच्या मोठ्या घरात पुढच्या दालनाला चावडी म्हणतात. शिर्डीत साईबाबा एक रात्र मशिदीत आणि एक रात्र चावडीत झोपायचे, ती काय पोलीस चौकी होती? आणि 'चावडीवरच्या गप्पा' हा आपलाच वाक्प्रचार आहे. गप्पा काय बोलावणं पाठवून होतात?

सीना काठ
मी बहुतेक वेळा इथं नुसतं वाचतो, आज लिहितो. माझ्या आजोबांना चावडी म्हणजे काय ते विचारायला पाहिजे होतं. वतनाचं काम त्यांच्याकडं होतं. कुणी साहेब आला की चावडीवरनं हाक यायची, मग असतील तसे उठायचे आणि त्यांचं सामान घेऊन पुढच्या गावापर्यंत चालायचे. चावडीत आत नाही जायचं, पायरीच्या खाली उभं राहायचं, तिथनंच जोहार घालायचा. १९५८ च्या कायद्यानं ती वतनं गेली तेव्हा आजोबांनी आज्जीला म्हटलं होतं म्हणे, की आता चावडीवरची हाक ऐकू आली तरी उठायचं नाही. वाक्प्रचार तुमचा आहे, गप्पा मारायला पायरीच्या वर जे बसले होते त्यांचा. मी शब्द बदला म्हणत नाही. पण 'चावडी म्हणजे सगळ्यांनी मिळून बोलायची जागा' असं सरसकट लिहू नका एवढंच सांगतो.

अनुस्वार
तुमचं म्हणणं मनापासून मान्य. पण शब्दाचा अर्थ पुढे सरकतो असंही मला वाटतं. ज्या चावडीच्या पायरीखाली उभं राहावं लागलं त्याच नावाच्या पानावर आज कुणीही, खातं न उघडताही, बरोबरीनं लिहू शकतो. शब्द तोच ठेवून जागा बदलली हे मला मोठं वाटतं.

सीना काठ
जागा बदलली असेल तर चांगलंच आहे. मग बाळीवेसच्या घरी ते वाक्य ऐकल्यावर पहिला प्रश्न 'काय केलंस तू' असा का आला, त्याचं उत्तर द्या.

हुरडा पार्टी
एक बाई म्हणून बोलू का? चावडी असो, पार असो नाहीतर कट्टा, यातल्या कुठल्या जागी बाई जाऊन बसली? व्हिलेज पंपला अनुस्वारदादांनी नाक मुरडलं, पण मला तोच शब्द कळला. आमच्या मंगळवेढ्याकडच्या गावात हापसा होता. कुणाच्या लेकीला स्थळ आलंय, सोसायटीचं कर्ज कसं काढायचं, रेशनकार्डावर नाव चढवायला कुठला कागद लागतो, हे सगळं तिथं कळायचं. माझ्या आईला पोस्टातल्या खात्याचा फॉर्म हापशावर कळशी भरेपर्यंत दुसऱ्या बाईनं तोंडी सांगितला होता आणि आईनं तो तसाच्या तसा भरला. मदत मागायची खरी जागा तीच. तर 'पाणवठा' का नाही ठेवत?

पूर्व भाग
पाणवठा! ताई, हे मला सुचलंच नव्हतं, फार छान.

सीना काठ
ताई, तुमच्या आईची गोष्ट आवडली. पण पाणवठा पण सगळ्यांचा कुठं होता. महाडच्या तळ्यावर २० मार्च १९२७ ला पाणी प्यायला आंदोलन करावं लागलं. आमच्या गावात हापसा आला तेव्हाही आधी कुणी भरायचं हा वाद झालेला माझ्या वडलांनी बघितलाय.

हुरडा पार्टी
खरंय दादा. यावर मी वाद घालणार नाही. पण मग गावातला कुठलाच शब्द उरत नाही.

जुनी गिरण
म्हणून म्हणतो, गाव सोडा. 'मदतकेंद्र' असं पान विकिपीडियावर आहेच की! साधा शब्द, ज्याला मदत पाहिजे तो नाव वाचूनच जातो. चावडीवर धोरणाबिरणाची चर्चा करा, नवीन माणसाला मदतकेंद्राकडं पाठवा. बाळीवेसला तो निरोप देणाऱ्यानं तेच सांगायला हवं होतं.

अनुस्वार
'केंद्र' काय, खतविक्री केंद्र, सेतू केंद्र, लसीकरण केंद्र. खिडकी, रांग आणि उद्या या. आपलेपणा नाही त्यात.

जुनी गिरण
आपलेपणा नावानं येत नाही हो, उत्तर लवकर आल्यानं येतो.

तुळजापूर वेस
कट्टा का नको? आजची पोरं कट्ट्यावरच भेटतात. कट्टा हा शब्द कन्नड 'कट्टे'वरनं आलाय असं माझं ठाम मत आहे, कट्टु म्हणजे बांधणे, बांधलेला ओटा तो कट्टा. सोलापूरच्या बोलीत असे कन्नड शब्द पदोपदी आहेत. यण्णीमज्जनच बघा, यण्णी म्हणजे तेल, मज्जन म्हणजे स्नान. बाळीवेसनं तो शब्द लिहिला तेव्हा बाहेरच्या वाचकासाठी अर्थ दिला होता का?

अनुस्वार
कट्ट्याबद्दल एकच सांगतो. पेपर उघडा, 'गावठी कट्टा जप्त' अशी बातमी सापडेल. पोलीस ठाण्याला घाबरून चावडी सोडायची आणि पिस्तुलाच्या नावाकडं जायचं?

तुळजापूर वेस
दोन वेगळे शब्द आहेत ते, कानाला सारखे लागतात एवढंच. सोलापुरात कट्टा म्हटलं की आधी संमती कट्टा. आणि माझं खरं म्हणणं ते आहे. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागतं ते त्या कट्ट्यावर, अक्षता पडायच्या आधी संमती वाचली जाते, आणि ते झाल्याशिवाय पुढचं काहीच होत नाही. विकिपीडियाचा नियम पण तोच ना, मतदान मोजून नाही तर सहमतीनं ठरवायचं? मग त्या पानाला 'संमती कट्टा' यापेक्षा चांगलं नाव मला तरी दिसत नाही. सोलापूरचा आहे म्हणून नाही म्हणत. म्हणजे सोलापूरचा आहे म्हणूनही म्हणतो.

पूर्व भाग
अंगावर काटा आला वाचून. हर्र बोला हर्र!

सीना काठ
हे चांगलं आहे. संमती विचारली जाते हे मला आवडलं.

अनुस्वार
सोलापूरच्या बाहेर कुणाला कळणार? चंद्रपूरचा माणूस म्हणेल कसली संमती. संपूर्ण महाराष्ट्राला एकच शब्द द्यायचा तर तो सगळीकडं समजणारा लागतो.

जुनी गिरण
चंद्रपूरच्या माणसाला 'प्रचालक' तरी कुठं कळतो, शिकतोच ना तो.

कडक भाकरी
मंडळी, बाळीवेसनं दोन प्रश्न विचारले होते, दुसऱ्याला कुणी हातच लावलेला नाही. बाळीवेस, चावडी नंतर बघा. आधी त्या लेखाच्या वर 'चर्चा' असा टॅब आहे तो उघडा. नवीन मथळा टाका, मी अमुक मजकूर घातला होता, तो काढला गेला, यातल्या कुठल्या ओळीला संदर्भ हवाय ते सांगा, एवढंच लिहा. शेवटी चार टिल्ड (~~~~) टाका की तुमचं सदस्यनाव आणि वेळ आपोआप उमटते, सही न करता लिहिलं की कोण बोललं ते समोरच्याला शोधावं लागतं. ज्यानं मजकूर काढला त्याच्या चर्चापानावर जाऊन विचारलं तरी चालतं, बहुतेक जण नीट सांगतात. आणि मुख्य म्हणजे संदर्भ. तुम्ही डोळ्यांनी बघितलंय ते खरंच आहे, पण वाचणाऱ्याला ते तपासता आलं पाहिजे म्हणून छापील काहीतरी लागतं. दर जानेवारीत सोलापूरच्या पेपरात यात्रेच्या पानभर बातम्या असतात, एखादी धरा, तारीख, पेपरचं नाव आणि मथळा लिहून ठेवा. जुन्या इतिहासासाठी सोलापूरचं १८८४ चं गॅझेटियर बघा, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला विसावा खंड, प्रताधिकाराची अडचण नाही. एकदम सगळा परिच्छेद परत चिकटवू नका, पुन्हा उलटवला जाईल आणि दोघं चिडाल. धूळपाटीवर आधी लिहून बघा, मग एक वाक्य एक संदर्भ असं टाका. आणि खाली सारांशाची चौकट असते ती रिकामी सोडू नका, काय बदललं ते चार शब्दांत लिहिलं की समोरच्याचा निम्मा संशय तिथंच जातो.

बाळीवेस
हे फार कामाचं सांगितलं, आभारी आहे. आजच चर्चा पानावर टाकतो. फक्त ते टिल्ड मोबाइलच्या मराठी कीबोर्डवर सापडेना, कुठं असतं?

कडक भाकरी
कीबोर्ड इंग्रजीत बदला, मग चिन्हांच्या दुसऱ्या पानावर, नागमोडी छोटी रेघ. नाहीतर संपादनाच्या चौकटीच्या वर सहीचं बटण असतं ते दाबा.

जुनी गिरण
'संपादन' वरनं आठवलं. आमच्या चुलत्यांनी पहिल्यांदा ते बटण बघितलं तेव्हा हातच लावला नाही. का, तर रस्त्यात गेलेल्या जमिनीच्या नोटिशीवर 'भूसंपादन' होतं. संपादन म्हणजे घेऊन टाकणं हे त्यांच्या डोक्यात पक्कं.

अनुस्वार
आणि ते बरोबर आहेत! संपादन म्हणजे मिळवणं हाच जुना अर्थ, यश संपादन करणे, विश्वास संपादन करणे. वर्तमानपत्राचा संपादक नंतरचा. मूळ धातू 'पद्' बघा, संपत्ती, संपदा, संपन्न सगळे त्याच घरचे.

हुरडा पार्टी
मग एडिटला बायकांचा शब्द घ्या, 'निवडणं'. तांदूळ निवडतो तसं, खडा काढायचा, दाणा ठेवायचा.

अनुस्वार
निवडणं म्हणजे सिलेक्ट होईल, ताई. मोबाइलवर 'सर्व निवडा' असतंच.

हुरडा पार्टी
तुमच्या मोबाइलवर असेल. आमच्या सुपात खडेच निघतात.

तुळजापूर वेस
माझा संमती कट्टा मध्येच राहिला. पूर्व भाग, तुमच्या शेजारच्या कन्नड मंडळींना विचारून सांगा ना, घरी बोलताना ते संमती कट्टाच म्हणतात का कट्टे?

पूर्व भाग
विचारतो. पण एका शेजाऱ्याला विचारलं की दुसरा वेगळं सांगणार, ते आत्ताच सांगून ठेवतो.