रात्रगस्त गल्लीनं घालावी का?

शिवाजीपेठकर
कोल्हापुरात सुट्ट्या लागल्या, घरं बंद झाली की घरफोडीची भीती आणि हा विषय दोन्ही सोबतच येतात. माझं मत स्पष्ट आहे, गस्त घालावी. कुणाचं घर बंद आहे, कुठली आजी एकटी राहते, हे गल्लीलाच माहीत असतं. पोलिसांची गाडी मोठ्या रस्त्यानं जाते, बोळात शिरत नाही. २०१९ च्या महापुरात तालमी-मंडळांच्या पोरांनी माणसं बाहेर काढली, घराघरांत जेवण पोचवलं. ती ताकद वर्षभर का वापरायची नाही? अट एवढीच: जाणाऱ्यांची नावं पोलीस ठाण्यात नोंदवायची आणि हातात काठी घ्यायची नाही. बॅटरी, शिट्टी आणि ११२ ला फोन, बास.

सातवी गल्ली, राजारामपुरी
माझा ठाम विरोध. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. पोरं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून फिरली आणि भिक्षा मागत फिरणाऱ्या डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. २०२२ मध्ये शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात साधूंना असाच मार बसला. मारणाऱ्या प्रत्येकाला आपण गावाचं रक्षण करतोय असंच वाटत होतं. गस्त म्हणजे अनोळखी माणसावर संशय घ्यायची शिकवणी. ती भोगतो कोण? फिरस्ता, भंगारवाला, परप्रांतीय मजूर, रात्रपाळीहून उशिरा परतणारा.

शिवाजीपेठकर
राईनपाड्यात बाजारातला जमाव होता. कुणाचं नाव कुठं लिहिलेलं नव्हतं, कुणी कुणाला जबाबदार नव्हतं. मी नेमकं उलटं मागतोय. कायदाही बघा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० सांगतं की, समोर दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा घडला तर सामान्य माणूसही गुन्हेगाराला धरू शकतो, पण सहा तासांच्या आत पोलिसांकडं द्यावंच लागतं. मारायचा हक्क त्यात कुठंच नाही. गस्तीवर जाणाऱ्या पोराला पहिल्या दिवशी हेच शिकवायचं.

बावडेकर
दिवसभर आम्ही राबायचं आणि रातच्याला पहारा बी आम्हीच द्यायचा? मग पोलीस भरती वाढवा म्हणून कोण भांडणार?

शाहूपुरीची सून
तुम्ही सगळे चोरावरच बोलताय. मी दवाखान्यातली ड्युटी संपवून रात्री अकराला येते. मला भीती वाटते ती कोपऱ्यावर गाड्या आडव्या लावून बसलेल्या टोळक्याची. उद्या त्यांच्याच गळ्यात शिट्टी आली तर मी कुणाकडं बघायचं? गस्तीतली माणसं कोण निवडणार? गल्लीची बैठक रात्री नऊला कट्ट्यावर भरते, तेव्हा निम्म्या बायका स्वयंपाकघरात असतात.

गस्तीच्या आधी एक काम करा. गल्लीतल्या बायका, कॉलेजच्या मुली, म्हाताऱ्या यांना घेऊन अंधार पडल्यावर एक फेरी मारा. कुठला दिवा बंद आहे, कुठला बोळ टाळून आम्ही लांबनं जातो, कुठं उघडं गटार आहे, कुठल्या पडक्या वाड्यात दारू चालते, सगळं त्या दाखवतील. ते कागदावर घ्या आणि यादी घेऊन वॉर्ड ऑफिसात सगळ्यांनी मिळून जा. अजून एक. कॅमेरे बसवायची घाई करू नका. वर्गणीतून लावलेल्या कॅमेऱ्याचं तोंड कुणाच्या दारावर, चित्रीकरण कुणाच्या मोबाइलवर, हे आधी ठरवा. माझं येणं-जाणं गल्लीभर चघळलं जाणार असेल तर ती माझी सुरक्षा नव्हे.

निवृत्त हवालदार
सुनबाईंचं म्हणणं मनापासून पटलं. नोकरीतला अनुभव सांगतो. सणाआधी शांतता समितीची बैठक होते, तिथं तेच ते पुढारी, तीच ती भाषणं. भिवंडीत १९८४ च्या दंगलीनंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या केल्या. त्यात हिंदू-मुस्लिम दोन्ही समाजांतली साधी माणसं आणि बीटवरचे, म्हणजे त्या भागाची जबाबदारी असलेले, पोलीस सणवार नसतानाही एकत्र बसायचे. १९९२-९३ ला मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. आपल्याकडं ७ जून २०२३ ला मोबाइलवरच्या स्टेटसवरून दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावं लागलं. गल्लोगल्ली अशी ओळख असती तर कितीतरी पोरं घरीच थांबली असती. बीट अंमलदार सोबत नसेल तर गस्त नको, असं माझं मत.

सातवी गल्ली, राजारामपुरी
काका, भिवंडीनं तर माझीच बाजू भक्कम केली. तिथं कामाला आलं ते एकत्र बसून बोलणं. अनोळखी माणसाला अडवून काही साधलं नाही.

शिवाजीपेठकर
बोलणं हवंच. पण गावाला गेलेल्या माणसाच्या कुलपाकडं बोलण्यानं लक्ष राहत नाही. ताई, तुमची फेरी आधी, गस्त नंतर, हा क्रम मला मान्य आहे. बैठक रविवारी सकाळी घेऊ. काका म्हणतात तसं बीट अंमलदाराला पहिल्या दिवसापासून बोलावू.

शाहूपुरीची सून
गल्लीतल्या एकाही बाईनं ज्याच्या नावाला नको म्हटलं, तो गस्तीत नाही. कारण विचारायचं नाही. हे लिहून घेणार असाल तर फेरीला माझं नाव धरा.

सातवी गल्ली, राजारामपुरी
फेरीला मीही येतो. गस्तीला विरोध कायम.