मदत हवी आहे: आईला घेऊन तिकालला जायचंय

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत आम्ही ग्वाटेमालातलं तिकाल, म्हणजे राष्ट्रीय उद्यानातलं माया लोकांचं प्राचीन शहर, बघायला जातोय आणि सोबत आई आहे, वय 69. जन्मभर शाळेत गणित शिकवलं तिने. माया लोक शून्यासाठी शिंपल्याचं चिन्ह वापरायचे हे वाचल्यापासून वहीत ठिपके, रेघा आणि शिंपले काढून 20च्या पटीत आकडे मांडत बसलेली असते. तिला 'तू हॉटेलवर थांब' असं मला म्हणवणार नाही.

अडचण गुडघ्यांची. सपाटीवर तासभर आरामात चालते, पायऱ्या मात्र कठड्याला धरून, एकेक. तिथलं चौथं मंदिर जवळपास 65 मीटर उंच, वर जायला लाकडी जिना. तो कितपत उभा आहे? मधे टेकायला जागा आहे का? नाहीच जमलं तर पहिल्या आणि दुसऱ्या मंदिरांमधल्या मोठ्या चौकापर्यंत तरी तिला न्यायचंच आहे. प्रवेशद्वारापासून तिथवरची वाट कशी आहे?

मुक्काम फ्लोरेस गावात करावा की उद्यानातच? पहाटे हाउलर माकडांच्या आरोळ्या ऐकायच्यात, म्हणून माझा कल उद्यानाकडे आहे. घरच्या वयस्कर माणसांना घेऊन कुणी गेलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.