मदत हवी आहे: हवाई छत्रीच्या राइझरवर बसवायचे क्रॉस कनेक्टर, त्यांची लांबी आणि शिलाई

सप्रेम नमस्कार.

मी मूळची सांगलीची. गेली पाच वर्षे नोकरीनिमित्त मध्य फ्लोरिडात राहते आणि सुट्टीच्या दिवशी स्कायडायव्हिंग करते. आजवर ३४० उड्या झाल्या असून त्यांतील शेवटच्या २८ कॅनोपी फॉर्मेशनच्या आहेत. या प्रकारात विमानातून बाहेर पडल्यावर काही सेकंदांतच छत्री उघडतात आणि मग उघड्या छत्र्यांनिशी एकमेकांजवळ येऊन हवेत रचना बांधतात. वरच्याने खालच्याच्या छत्रीच्या मधल्या दोऱ्या पायांत धरल्या की त्याला स्टॅक म्हणतात. त्याच दोऱ्यांवरून पाय सरकवत वरचा माणूस खालच्याच्या खांद्यांपर्यंत उतरला आणि दोन छत्र्या एकीवर एक अशा जवळ आल्या की त्याचे प्लेन होते. आमच्या येथून फारशा दूर नसलेल्या लेक वेल्स येथे २१ नोव्हेंबर २००७ रोजी १०० जणांनी मिळून हिऱ्याच्या आकाराची जागतिक विक्रमाची रचना बांधली होती. माझा प्रश्न मात्र केवळ दोन माणसांचा आणि काही इंच पट्टीचा आहे.

प्लेनमध्ये वरच्याची पावले खालच्याच्या पुढच्या राइझरमागे अडकलेली असतात (राइझर म्हणजे खांद्यापासून छत्रीच्या दोऱ्यांपर्यंत जाणारे पट्टे, प्रत्येक बाजूला एक पुढचा आणि एक मागचा). दोन छत्र्यांची उचल कधीच तंतोतंत सारखी नसते, त्यामुळे वरचा माणूस सतत वर ओढला जातो आणि त्याची पावले राइझरवरून दोऱ्यांकडे घसरू पाहतात. हे घसरणे अडवण्यासाठी प्रत्येक बाजूच्या पुढच्या व मागच्या राइझरच्या माथ्यांना जोडणारी एक आखूड पट्टी बसवतात. हाच क्रॉस कनेक्टर. पाऊल त्या पट्टीच्या खाली येते आणि पट्टी त्याच्यावर छपरासारखी राहते. म्हणजे जिच्या राइझरवर पट्टी असते तिला स्वतःला तिचा काहीच उपयोग नसतो. ती पट्टी वरच्याच्या पायांसाठी असते. मी जे शिवणार आहे ते माझ्या जोडीदाराच्या पायांसाठी शिवणार आहे, आणि म्हणूनच ते चुकलेले मला चालणार नाही.

एकदा ते चुकले आहे. पहिल्या जोडीच्या वेळी शिलाईची सोय नव्हती, म्हणून मी १ इंच रुंदीची नायलॉन पट्टी घेऊन दोन्ही टोके गाठ मारून बांधली. सहाव्या उडीला प्लेन बांधून झाल्यावर डाव्या बाजूची गाठ सुटली. जोडीदाराचे डावे पाऊल दोऱ्यांवर वर गेले आणि डॅक्रॉनच्या दोरीने मोजा फाडून घोट्यावर बोटभर रुंदीचा भाजल्यासारखा पट्टा उमटवला. आम्ही पुरेशा उंचीवर होतो, त्याने उजवा पाय शांतपणे सोडवला आणि दोघेही वेगवेगळे व्यवस्थित उतरलो. खाली आल्यावर पाहिले तेव्हा उजव्या बाजूच्या गाठीचेही एक शेपूट जेमतेम अर्धा इंच उरले होते. बांधताना मी ते दोन इंच ठेवले होते.

दुसरी जोडी मी घरच्या मशीनवर शिवली. ती पक्की झाली, पण दोन राइझरमध्ये जमिनीवर मोजलेल्या अंतराएवढीच, म्हणजे ५ इंच, ठेवली. मग निराळीच अडचण उभी राहिली. उंची कमी करण्यासाठी पुढचे राइझर ओढले की पट्टी ताणली जाई आणि मागचे राइझरही सोबत खाली येत. छत्रीचे नाक खाली झुकण्याऐवजी ती नुसतीच जड झाल्यासारखी वाटे आणि जोडीदाराच्या पातळीला जाणे मला जमेना.

यानंतर कागदावर आकडेमोड केली. दोन माथ्यांमधले अंतर ५ इंच आहे आणि पुढचा राइझर मला ६ इंच खाली ओढायचा आहे असे धरले, तर पट्टी तिरकी होऊन तिला जवळजवळ ७.८ इंच लांबी लागते. म्हणून ८ इंचांची पट्टी घ्यावी, तर पायाने वर रेटल्यावर तिचा मध्य ३ इंचांहून थोडा अधिक उचलला जातो. माझ्या राइझरना मोकळीक हवी तर पट्टी लांब हवी आणि त्याच्या पायांना आधार हवा तर ती आखूड हवी. या दोहोंमध्ये मी अडकले आहे.

पट्टी पुढून मागेच जोडायची, डावीकडून उजवीकडे कधीही नाही, हे मला शिकवलेले आहे आणि त्याचे कारणही पटलेले आहे. एका बाजूचे पुढचे व मागचे राइझर खाली एकाच थ्री-रिंगवर, म्हणजे छत्री सोडवणाऱ्या तीन कड्यांच्या जोडणीवर, येतात, त्यामुळे कटअवे केल्यावर, म्हणजे मुख्य छत्री सोडून दिल्यावर, ते पट्टीसकट सोबतच निघून जातात. डावे-उजवे जोडले, तर तीच पट्टी उघडत्या रिझर्व्हच्या, म्हणजे राखीव छत्रीच्या, वाटेत अडकू शकते. तेव्हा त्याविषयी शंका नाही. मला पुढील बाबतींत मार्गदर्शन हवे आहे: हवेत असताना राइझरच्या माथ्यांतील खरे अंतर कसे मोजावे, कोणती पट्टी घ्यावी, शिलाई कशी असावी, आणि टोके राइझरभोवती बसवावीत की थेट लिंकमध्ये, म्हणजे राइझर आणि दोऱ्या जोडणाऱ्या कडीत, ओवावीत? माझे राइझर टाइप ८ चे, म्हणजे पावणेदोन इंच रुंद आहेत आणि लिंक धातूच्या, पेचाच्या आहेत. काहीही उडवण्यापूर्वी येथील रिगरला, म्हणजे छत्र्यांची जुळणी-दुरुस्ती करणाऱ्या जाणकाराला, दाखवणारच आहे. पण त्याच्याकडे जाताना नेमके काय विचारायचे हे मला समजून घ्यायचे आहे. या संस्थळावर लष्करात छत्र्या हाताळलेले आणि सह्याद्रीत दोर व पट्ट्यांवर भरवसा ठेवून चढलेले सदस्य आहेत हे ठाऊक असल्यामुळे येथे लिहीत आहे.

प्रतिसाद १

ताई, मी हवाई छत्र्यांतला नाही, पण लिंगाण्यापासून पुढे बऱ्याच सुळक्यांवर चढलो आहे, म्हणून गाठीबद्दल खात्रीने सांगतो. चपट्या पट्टीची गाठ स्थिर भाराखाली घट्ट राहते, परंतु भार येत-जात राहिला की तिची शेपटे कणाकणाने आत सरकतात. आम्ही शेपूट किमान ३ इंच ठेवतो आणि प्रत्येक वापरापूर्वी पाहतो, तरीही तशी गाठ महिनोन्महिने बांधून ठेवत नाही. प्रत्येक उडीत ताण येतो आणि जातो, त्यामुळे आपल्याकडे जे घडले ते घडणारच होते. बाजारात डायनीमाच्या (अतिशय मजबूत कृत्रिम धाग्याच्या) आखूड, तयार शिवलेल्या स्लिंग, म्हणजे पट्टीचे वेढे, मिळतात आणि त्यांवर २२ किलोन्यूटन असे छापलेले असते. त्या चालतील का, हे जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद २

मी सैन्यात छत्र्यांच्या घडणी-दुरुस्तीच्या विभागात होतो. माझा अनुभव गोल छत्र्यांचा आहे, त्यामुळे लांबीविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. शिलाईविषयी बोलतो.

घरच्या मशीनवर आपण कोणता दोरा वापरला हे लिहिलेले नाही. सुती किंवा साधा पॉलिस्टर दोरा असेल, तर ती जोडी पक्की दिसत असली तरी आजच बाजूला ठेवावी. छत्रीच्या कामाचा ई जाडीचा नायलॉन दोरा घ्यावा आणि इंचाला ७ ते ११ टाके ठेवावेत. टाके याहून दाट घातले तर सुईच पट्टी कापत जाते. पट्टीचे टोक गरम सुरीने कापून बंद करतात, हे आपणांस माहीत असेलच. मात्र वितळलेली कड थंड झाल्यावर बोट फिरवून पाहावी. तिथे काट्यासारखा कठीण कोपरा राहतो आणि तो छत्रीच्या दोरीला रोज थोडा थोडा खातो. तो कोपरा घडीच्या आत जाईल अशी शिलाई करावी. टोकाची घडी दीड इंच तरी असावी आणि शिलाईचा दोरा पट्टीच्या रंगाहून वेगळा असावा. पांढऱ्यावर पांढरा टाका तुटला तर दिसत नाही. काळ्या पट्टीवरचा पिवळा टाका तुटला, तर घडी घालताना चटकन लक्षात येतो. आमच्याकडे तपासणी याच आधारावर चाले.

प्रतिसाद ३

मी कॅलिफोर्नियात आहे आणि बारा वर्षे हा प्रकार करते. आपली आकडेमोड बरोबर आहे, पण त्यात एक गोष्ट सुटली आहे. पायाने पट्टी वर रेटली जाते तेव्हा दोन्ही राइझरही एकमेकांकडे ओढले जातात. अंतर ५ इंच उरतच नाही, त्यामुळे ८ इंचांच्या पट्टीचा मध्य ३ नव्हे तर ४ इंचांच्या जवळ जाईल. एवढी मोकळीक मी ठेवणार नाही.

लांबी ठरवण्याआधी अंतर हवेतच मोजा. त्यासाठी एखादी एकट्याची उडी घ्या, हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याने छत्री स्थिर असताना माथ्याकडे आणि मग पुढचे राइझर आपण नेहमी ओढता तितके ओढून चित्र घ्या. आपल्या राइझरची रुंदी पावणेदोन इंच आहे हे माहीत आहेच. तीच चित्रातली मोजपट्टी समजा. बहुतेक जणांना आपण राइझर किती ओढतो याचा अंदाज वास्तवापेक्षा मोठाच असतो. ४ इंचच ओढत असाल, तर ५ इंचांच्या अंतराला साडेसहा इंचांची पट्टी पुरते आणि तिचा मध्य स्थिर राइझरवर सुमारे २ इंचच उचलला जातो. त्याहून अधिक उंची कमी करायची असेल ती लांब असतानाच करा. जोडीदाराजवळ आल्यावर पुढचे राइझर खोल ओढण्याची वेळ येत असेल, तर चूक आधीच्या टप्प्यात झालेली असते.

डायनीमाच्या स्लिंग घेऊ नका. त्यांची ताकद आपल्याला नको तितकी आहे, त्या अरुंद असल्यामुळे पायात रुततात, आणि डायनीमा सुमारे १४५ अंशांनाच वितळतो, तर नायलॉन २५० च्या आसपास. दोरी जिथे घासते तिथे हा फरक महत्त्वाचा आहे. १ इंच रुंदीची टाइप ४ ची चौकडी विणीची टेप साधारण १००० पौंड पेलते. ती दुहेरी घ्या. टाइप १७ ची पट्टी २५०० पौंडांची असते, पण ती जाड व ताठ असल्यामुळे माथ्याशी गोळा होते. शिवाय गुंता झाला तर हूक नाइफने, म्हणजे उडीत सोबत ठेवायच्या आकड्याच्या सुरीने, एका ओढीत कापली जाणे हादेखील टाइप ४ च्या टेपचा गुण आहे. उरलेल्या तुकड्यावर आपल्याच सुरीने कापून पाहा.

टोके लिंकमध्ये ओवू नका. पेचाच्या लिंकचा दांडा पट्टीला घासतो आणि पट्टीमुळे लिंक आडवी फिरली तर भार नको त्या बाजूने येतो. लिंकच्या लगेच खाली राइझरभोवती बसणारा, शिवलेला डोळा ठेवा. ओढ वरच्या दिशेने असल्यामुळे तो लिंकपाशी जाऊन थांबतो. मात्र जमिनीवर तो खाली घसरून टॉगलच्या, म्हणजे छत्री वळवायच्या मुठीच्या, कडीवर येणार नाही, यासाठी राइझरला दोन-चार हाताचे टाके घालून घ्या. राइझरला टाका घालायचा तो रिगरनेच. आणि स्लायडर (छत्री उघडताना दोऱ्यांवरून खाली घसरणारा कापडी तुकडा) पूर्ण खाली आला की त्याच्या कड्या या डोळ्यावर आपटतात. तिथे पहिल्या दहा उड्यांनंतर नक्की पाहा.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. घरी शिवलेली जोडी आज सकाळी उसवून पाहिली. दोरा साध्या पॉलिस्टरचा होता. पट्टीची वितळलेली कड एका ठिकाणी खरोखरच नखासारखी टणक लागली आणि जोडीदाराच्या छत्रीच्या नव्हे, माझ्याच पुढच्या डाव्या दोरीवर तिच्याजवळ लव आलेली दिसली. दोरी रिगरकडे दिली आहे.

शनिवारी वारा कमी असेल तर एकटीची उडी घेऊन चित्रे काढते. टाइप ४ ची टेप, ई दोरा आणि पिवळी शिलाई हे ठरले. शिलाई घरी न करता रिगरच्या मशीनवर करून घेईन. एक शंका उरते. टेप दुहेरी घेतली तर दोन पदर संपूर्ण लांबीत एकमेकांना शिवावेत, की फक्त टोकांना शिवून मध्ये सुटे ठेवावेत? सुटे ठेवले तर बुटाचे टोक दोन पदरांच्या मध्ये जाऊन अडकेल असे मला वाटते, परंतु पूर्ण शिवल्यास पट्टी किती ताठ होईल याचा अंदाज नाही.

प्रतिसाद ३

पूर्ण लांबीत शिवा. बुटाविषयीची आपली भीती रास्त आहे. दोन्ही कडांना एकेक सरळ ओळ पुरे, मध्ये आडवे टाके नकोत, म्हणजे पट्टी वाकते. सुरीची चाचणी मात्र शिवलेल्या तुकड्यावर करा, सुट्या टेपवर नव्हे. आणि शनिवारची मापे येथे जरूर लिहा; माझ्या जोडीदाराचे राइझर आपल्यासारखेच आहेत आणि त्याच्या पट्ट्या या हंगामात बदलायच्या आहेत.